अर्ध्या दिवसात रायगड : राजवाडा आणि जगदीश्वर

महाड-पोलादपूरच्या मुलांना रायगड काही नवा नाही. तरी चौथीचा वर्ग घेऊन गेलात की राजवाड्यापाशी प्रश्न हमखास येतो, "बाई, वाडा कुठाय?" समोर नुसती जोती! गाइड तोवर पुढच्या गोष्टीवर गेलेला असतो. तुम्ही मात्र इथंच थांबा. लगेच उत्तर देऊ नका. मुलांना पावलांनी जोतं मोजू द्या, खांब कुठं असतील, छप्पर किती उंच असेल ते बोटानं दाखवू द्या. मग सांगा, मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली, लाकूडकाम जळालं, दगड तेवढा उरला. कोरियात सेऊलचा ग्योंगबोकगुंग राजवाडाही लाकडी. तो १५९२ च्या युद्धात जळाला, एकोणिसाव्या शतकात त्यांनी पुन्हा बांधला. मग आपला बांधावा का? यावर मुलांना खुशाल भांडू द्या.

राजसभेत १६७४ च्या राज्याभिषेकाची गोष्ट थोडक्यात आटपा, ती पुस्तकात आहेच. बाजारपेठ चालता चालता होते. वेळ राखायचा तो जगदीश्वरासाठी. हे दगडी देऊळ अजून उभं आहे, आणि महाराजांची समाधी त्याच्या शेजारीच. देवळाच्या पायरीवर हिरोजींचं नाव कोरलंय. गड बांधणाऱ्यानं आपलं नाव पायरीवरच का घातलं असेल? इथंही घाई नको, मुलं सांगतात.

रोपवेनं जा, नाहीतर पायऱ्यांनीच सकाळ संपते. पाणी आणि टोपी घ्याच, वर सावली फार कमी.