बोलोन्याचा खीमा आणि आपला हिशेब

घरून डबे किंवा पार्टीच्या ऑर्डरी पुरविणाऱ्या भगिनींनी पास्त्यावर घालायचा इटालियन खीम्याचा रस्सा जरूर शिकून घ्यावा. मुलांना पास्ता आवडू लागला आहे, पण हॉटेलातला मीट सॉस आपण डोळे मिटून खाऊ शकत नाही.

हा रस्सा इटलीतील बोलोन्या शहराचा. तिथे त्याला 'रागू' म्हणतात. व्यापाऱ्याला गंमत वाटावी अशी बाब म्हणजे १७ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याची कृती तेथील चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर दाखल झाली व २०२३ मध्ये सुधारून पुन्हा नोंदली गेली. त्याआधी १९७२ मध्ये तालियातेल्ले या फितीसारख्या पास्त्याचा सोन्याचा नमुनाही तिथे ठेवला गेला. शिजल्यावर पन्ना ८ मिलिमीटर! आम्हा कापडवाल्यांनाच पन्न्याची काळजी असते असे मी समजत होतो.

नोंदलेल्या कृतीत ४०० ग्रॅम गोमांसाबरोबर १५० ग्रॅम डुकराची चरबीदार पान्चेत्ता आणि ग्लासभर वाइन आहे. दोन्ही आपल्याला हराम. 'दारू शिजताना उडून जाते' असे लोक सांगतात, पण दोन-अडीच तासांनंतरही तिचा थोडा अंश उरतोच. मात्र नुसते वगळल्याने रस्सा कोरडा आणि फिका होतो. पान्चेत्ता चरबी देते, म्हणून रुखा खीमा घेऊ नये. मटणाचा किंवा बड्याचा (२०१५ पासून महाराष्ट्रात म्हणजे म्हशीचाच) ५५० ग्रॅम खीमा थोड्या चरबीसह जाडसर काढून घ्यावा. वाइनच्या आंबटपणासाठी कपभर यखनीत चमचाभर सिरका पुरतो.

कांदा, गाजर, सेलरी प्रत्येकी ६० ग्रॅम बारीक चिरून तीन चमचे तेलात मंद आचेवर मऊ करावे. मग आच वाढवून खीमा दहा मिनिटे परतावा. पाणी सुटून आटले पाहिजे आणि चर्र आवाज आला पाहिजे. त्यावर सिरका-यखनी, ती आटल्यावर २०० ग्रॅम टोमॅटोचा गाळलेला रस आणि चमचाभर टोमॅटो पेस्ट. नंतर थोडी थोडी यखनी घालत किमान दोन तास मंद आच. अर्ध्या वेळेला ग्लासभर दूध घातले तर चव गोल होते. मीठ-मिरीखेरीज मसाला नाही. आमच्या घरी पहिल्या वेळी सवयीने आले-लसूण पडले आणि नेहमीचे सालन तयार झाले. कुकरही नको, त्यात रस आटत नाही.

वर किसायचे पार्मेजानो चीज वासराच्या पोटातील रेनेटवर बनते, तेव्हा चौकशी करूनच घ्यावे.

आता भाव. कोरे कापड धुतल्यावर आकसते, तसा खीमाही आटतो. आमच्या वहिनींनी एका ऑर्डरीला कच्च्या वजनावर दर लावला आणि मेहनत फुकट गेली. रिकामे पातेले आधी तोलावे, तयार रश्श्यासह पुन्हा तोलावे आणि गॅससह एकूण खर्च त्या तयार वजनाने भागावा. त्यावर मजुरी व नफा.

गिऱ्हाइकाला मात्र हा अस्सल बोलोन्याचा म्हणून देऊ नये. नमुन्यात बदल केला आहे, तो सांगून माल द्यावा. रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो, म्हणून आदल्या दिवशी करून थंड झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा. पास्ता ऐनवेळीच उकडावा.