विसार देण्याआधी

नागावची वाडी घ्यायची, की पोलादपूरकडे डोंगरावर स्वस्तात मिळतोय तो प्लॉट, की पनवेललाच राहायचं, हे तुम्हा दोघांचं ठरत नाही असं वहिनी सांगत होती. जावईबापू म्हणे वादळाचे व्हिडिओ बघून समुद्राला नको म्हणतात. भीती वाटते ते बरंच आहे, फक्त ती नेमकी कशाची ते आधी ठरवा. मी चौलात सासरी आयुष्य काढलं, त्यात जे कळलं ते सांगते.

वादळ सांगून येतं. निसर्ग १ जून २०२० ला अरबी समुद्रात जोर धरत होतं तेव्हाच सूचना सुरू झाल्या होत्या, आणि ते किनाऱ्यावर चढलं ३ जूनला, दुपारी. मधल्या वेळात होड्या वर ओढून झाल्या, कच्च्या घरांतली माणसं शाळांत नेऊन बसवली. वारा ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. श्रीवर्धन, दिवेआगरपासून आमच्या चौल-रेवदंड्यापर्यंत सुपाऱ्या मधोमध मोडल्या, पिढ्यांनी राखलेल्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावल्यापासून हातात पीक यायला पाच-सात वर्षं जातात, तेव्हा नुकसान काय झालं ते तूच हिशेब कर. पण माणसं वाचली. सगळ्या राज्यात गेलेली बोटांवर मोजण्याइतकी.

आता तळिये बघ. २२ जुलै २०२१, महाड तालुका. डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३, माणसं रात्री घरात असताना. दरडींच्या धोक्याच्या यादीत तिचं नावसुद्धा नव्हतं. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते. म्हणून धोका केवढा मोठा हे मी मागाहून विचारते. आधी विचारते, तो यायच्या आत कळतो का, आणि कळला तर निघायला वाट आहे का.

पोलादपूरचा प्लॉट तुम्हाला डिसेंबरात दाखवला ना? दलाल नेहमी थंडीतच दाखवतात, तेव्हा सगळं कोकण गोड दिसतं. आषाढात जा, भर पावसात, छत्री घेऊन. घर बांधायला किंवा रस्त्याला डोंगराचा पायथा कापलाय का बघा. वरच्या अंगाला जमिनीला भेगा, एका बाजूला कललेली झाडं, वहाळाला अचानक गढूळ पाणी, किंवा पाऊस कोसळत असताना वहाळच आटलेला, यातलं काहीही दिसलं तर तिथे चहासुद्धा घेऊ नका. आणि राहत्या घरी दिसलं तर पंचनाम्याची वाट बघायची नाही. पोरं, म्हातारी, कागदपत्रं घेऊन निघायचं, गुरांची दावी सोडायची.

पनवेलकडे माझा एकच प्रश्न: बिल्डिंगखाली पूर्वी काय होतं? भातशेत किंवा खाजण भरून उंच केलं असेल तर पाणी शेजारच्या जुन्या गावात शिरतं. तुम्ही कोरडे राहाल, पण बाहेर पडायचा रस्ता त्याच गावातून जातो.

नागावबद्दल जास्त बोलते, कारण ते मला कळतं. सातबारा वाचा. शेजारी खार असेल तर त्याचा बांध खारभूमी खात्याचा की खासगी, आणि शेवटची खांड कधी पडली ते विचारा. हे एजंटाला विचारू नका. पाखाडीवरच्या एखाद्या म्हातारीला विचारा, पाणी कितव्या पायरीला लागलं होतं. तिला सालासकट आठवतं.

भरतीचं गणितही शिकून घे. तिथीची पाऊणपट करायची, त्या सुमाराला भरती पूर्ण होते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बारा. तास-अर्धा तास मागेपुढे धर. निसर्ग आलं त्या दिवशी द्वादशी होती. भरती सकाळीच होऊन गेलेली, वादळ चढलं तेव्हा ओहोटी लागली होती. दोनच दिवसांवर वटपौर्णिमा होती. त्या दुपारी आलं असतं तर वाऱ्याबरोबर उधाणही घरात घ्यावं लागलं असतं. महाडातसुद्धा सावित्री फुगलेली असताना खाडीला भरती आली की पाणी तुंबतं. पावसाळ्यात कॅलेंडरावर तिथी बघत जा, नुसत्या सुट्ट्या नको.

आमचे सासरे म्हणायचे, वादळं बंगालच्या बाजूची, आपल्याकडे नाहीत. त्यांच्या काळात चाललं ते. आता फयान २००९ ला आलं, निसर्ग २०२० ला, आणि लगेच पुढच्या वर्षी तौक्ते किनारा घासून गेलं. तेव्हा घर बांधताना एक तरी खोली स्लॅबची कर. बाकी छप्पर चौपाखी आणि बेताच्या उताराचं. पडवीचं छप्पर मुख्य घरापासून सुटं ठेव, म्हणजे उडालं तर एकटं जाईल. पत्रा नुसत्या खिळ्यांवर नको. वाऱ्यात सुटलेला पत्रा कौलापेक्षा वाईट. आंबा-फणस हौसेने दाराशी लावतात, पण ते मुळासकट पडतात; त्यांना कुंपणाकडे जागा दे. वारा अचानक थांबला तर अंगणात यायचं नाही. तो उलट्या बाजूने परत येतो.

विहिरीवर पंप बसवा, पण रहाट किंवा निदान कप्पी काढू नका. निसर्गनंतर किनाऱ्यावर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तेव्हा ज्यांच्याकडे दोर होता त्यांच्या विहिरीवर रांगा लागल्या.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की जावईबापूंना मुंबईला पाठवू नकोस, एवढं मात्र ऐक. आणि विसार द्यायच्या आधी मला फोन कर. त्या वाडीच्या वहिवाटीच्या वाटेवरून दोघा भावांचं भांडण आहे असं ऐकते. ते मिटलं की नाही हे मी उद्या विचारून घेते.