पाण्याखालचे चित्रण : आधी कॅमेरा की आधी पेटी?

विहिरीत किंवा तलावात बुडी मारून तुम्ही कधी डोळे उघडून पाहिले असेल. पाणी कितीही नितळ असले तरी सारे धूसर दिसते. तीच बुडी पोहण्याचा गॉगल लावून मारली की तळातला खडान् खडा स्पष्ट दिसतो. गॉगलमध्ये भिंग नसते, साधी काच असते. मग फरक कशाने पडतो? डोळ्यांपुढे राहिलेल्या हवेच्या थराने. आपल्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा प्रकाशकिरण वळवतो तो हवा आणि डोळा यांच्या वक्रीभवनांकांतील फरकामुळे. पाण्यात हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. गॉगल तो परत मिळवून देतो.

पाण्याखाली चित्रण करणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्याची जलाभेद्य पेटी म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगलच. १८९३ साली लुई बूताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल्स येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली, तेव्हाही त्याचा कॅमेरा पेटीतच बंद होता. साधने बदलली, पण तत्त्व तेच राहिले. आपण कॅमेऱ्याबरोबर हवेचा एक तुकडा पाण्यात नेतो, आणि साऱ्या अडचणी त्या हवेच्या सीमेवर उभ्या राहतात.

हे मी ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणला आणि पेटीत घालून पोहण्याच्या तलावात उतरलो. कॅमेरा कोणता घ्यावा यावर महिनाभर विचार केला होता. पेटी मात्र दहा मिनिटांत निवडली आणि दोन मिनिटांत बंद केली. दोन मीटरही खाली गेलो नाही, तोच पेटीच्या तळाशी पाणी चमकले. वर येऊन पाहतो तो झाकणाच्या रबरी कड्यावर डोक्याचा एक केस आडवा पडलेला! कॅमेरा कायमचा निकामी झाला, आणि मित्राला तोंड दाखवणे अवघड झाले.

दाब

पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भाराने वाढतो. १५ सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद झाकणाचे क्षेत्रफळ १५० चौ. सेंमी. म्हणजे १० मीटरवर त्या झाकणावर १५० किलोग्रॅम जादा भार पडेल, आणि ३० मीटरवर ४५० किलोग्रॅम : पन्नास किलोची नऊ पोती! म्हणून जितके खोल जायचे, त्याहून बऱ्याच अधिक खोलीची हमी असलेली पेटी घ्यावी.

गंमत अशी की, हाच दाब झाकण घट्टही बसवतो. वरच्या पाण्यात तो कमी असतो, रबरी कडे नीट दबलेले नसते, आणि त्याखाली केस किंवा वाळूचा कण असला तर पाणी तिथूनच शिरते. म्हणून प्रत्येक वेळी कडे पुसावे, बोट फिरवून तपासावे आणि निर्मात्याने सांगितले असेल तर त्याला वंगणाचा अगदी पातळ हात द्यावा. समुद्रातून आल्यावर बंद पेटी काही वेळ गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे फटींत मिठाचे खडे धरत नाहीत.

काच सपाट की घुमटाकार?

सपाट काचेतून पाण्यातली वस्तू जवळ भासते. १ मीटरवरचा मासा सुमारे ७५ सेंमी अंतरावर असल्यासारखा, म्हणून सुमारे सव्वापट ते दीडपटीच्या दरम्यान, नेमके सांगायचे तर ४/३ पट मोठा दिसतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. हवेत ९० अंशांचा देखावा टिपणारे भिंग घ्या. त्याचा कडेचा किरण अक्षाशी ४५ अंशांचा कोन करतो. वक्रीभवनाच्या नियमाने पाण्यातील कोन काढा : ०.७०७ भागिले १.३३ म्हणजे ०.५३२. ही ज्या ३२ अंशांची आहे. म्हणजे ९० अंशांच्या भिंगाला पाण्यात ६४ अंशच दिसणार. गढूळ पाण्यात जवळ जाऊनच चित्रण करावे लागते, आणि तिथे हे नुकसान फार जाणवते.

घुमटाकार काचेचा केंद्रबिंदू भिंगाच्या योग्य जागी आणला तर किरण काचेवर लंब पडतात, वळत नाहीत आणि ९० अंश शाबूत राहतात. मग सर्वांनी घुमटच का घेऊ नये? कारण घुमटाबाहेरचे पाणी अंतर्वक्र भिंगासारखे वागते. वक्रपृष्ठावरील वक्रीभवनाचे सूत्र वापरून पाहा : घुमटाची त्रिज्या १० सेंमी असेल तर अतिदूरच्या वस्तूची भासमान प्रतिमा घुमटापुढे अवघ्या ३० सेंमीवर पडते. १ मीटरवरच्या वस्तूची पडते सुमारे २१ सेंमीवर. म्हणजे कॅमेऱ्याला इतक्या जवळचे स्पष्ट टिपता आले पाहिजे. ज्याचे भिंग दूरच्या अंतरावरच कायमचे बसवलेले आहे, त्या कॅमेऱ्यापुढे लहान घुमट लावला तर सारे चित्रण धूसर येईल. तिथे सपाट काचच बरी.

रंग

पाणी तांबडा प्रकाश शोषते. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शुद्ध पाण्यातसुद्धा दर मीटरला सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. ५ मीटरनंतर त्याचा पाचवा-सहावा हिस्साच उरतो. निळ्याची घट पुष्कळ कमी असते. म्हणून पांढरी वस्तू पाण्याखाली दाखवून रंगांचा तोल हाताने जुळवता येईल असा कॅमेरा निवडावा, आणि ते बटण पेटीबाहेरून दाबता येते का हेही पाहावे. मात्र जो रंग शोषलाच गेला, तो तोल जुळवून परत येत नाही. त्यासाठी दिवा हवा, आणि तोही वस्तूच्या जवळ. वस्तू ३ मीटरवर असेल तर दिव्याच्या प्रकाशाला जाऊन येऊन ६ मीटर पाणी ओलांडावे लागते. दिवा भिंगापासून बाजूला धरावा, नाहीतर पाण्यातील कण उजळून चित्रभर ठिपके उठतात.

मोबाइलचे काय?

मोबाइलवरील ‘आयपी ६८’ या खुणेतला ८ हा आकडा एक मीटरहून खोल, निर्मात्याने ठरवलेल्या खोलीपर्यंत आणि वेळेपर्यंत, गोड्या पाण्यात केलेली चाचणी सांगतो. खारे पाणी त्यात नाही. शिवाय ओल्या पडद्यावर स्पर्शाचे हुकूम चालेनासे होतात. तेव्हा त्यालाही बटणांची पेटी हवीच.

करून पाहा

१. काचेच्या चौकोनी टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून चौकटीचा कागद चिकटवा. समोरच्या काचेला भिंग टेकवून चित्र घ्या. टाकीत पाणी भरून पुन्हा घ्या. रिकाम्या टाकीत आडवे ४० चौकोन मावत असतील, तर आता सुमारे ३० किंवा थोडे कमीच मावतील. का, ते वर आलेच आहे.

२. पेटीचे बाहेरचे आकारमान ३ लिटर आणि कॅमेऱ्यासह वस्तुमान २.५ किलोग्रॅम आहे. गोड्या पाण्यात ती तरंगू नये, बुडूही नये, यासाठी आत किती वजन ठेवाल? समुद्रात तेवढेच पुरेल का?

३. नवी पेटी आणली की आधी रिकामीच बंद करा. आत कोरडा टिपकागद ठेवा, वर वीट ठेवून ती अर्धा तास बादलीत बुडवा, आणि कागद पाहा.

हा तिसरा प्रयोग सर्वांत सोपा आहे. तो मी त्या दिवशी केला असता, तर मित्राचा कॅमेरा वाचला असता.