पानिपतचे पाणी

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ चा दिवस आठवतो. हरियाणातील त्या भूमीवर आज निराळेच संकट आहे. भातशेतीसाठी कूपनलिकांनी वर्षानुवर्षे इतका उपसा झाला, की भूजलाची पातळी खोल गेली. २००९ साली राज्याने कायदा करून १५ जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. कारण भर उन्हाळ्यात खाचरातील पुष्कळसे पाणी वाफ होऊन उडून जाते. परंतु केवळ मनाईने भूजल वाढत नाही. शेजारच्या कर्नाल येथील, १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने या भागातील शेतकऱ्यांनाच संशोधनात सहभागी करून घेतले. शेताच्या सखल कोपऱ्यात विटांची टाकी बांधायची, तीत दगडगोटे, खडी व जाड वाळू यांचे थर द्यायचे आणि पावसाचे साचलेले पाणी गाळून बोअरमधून भूगर्भात सोडायचे, अशी ही रीत. कसोटी लागते ती गाळणीची. पाण्यासोबत आलेली माती वाळूत अडकते आणि पाझर मंदावतो. म्हणून वरचा थर वेळोवेळी खरवडावा लागतो. मुरलेले पाणी शेजाऱ्याच्या कूपनलिकेलाही मिळते. खरवडण्याचे कष्ट मात्र ज्याच्या शेतात टाकी, त्याचेच.