बर्थेलो–राय पत्रव्यवहार आणि रसशाळेची नोंदवही

रसशास्त्राचा इतिहास शिकताना आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या 'हिस्टरी ऑफ हिंदू केमिस्ट्री' या द्विखंडात्मक ग्रंथाचा (१९०२ व १९०९) उल्लेख येतोच. हा ग्रंथ ज्या पत्रव्यवहारातून उद्भवला त्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. त्या पत्रव्यवहाराचा परामर्श घेऊन लिखित नोंदींचे शास्त्रातील स्थान पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

मार्सेलिन बर्थेलो (१८२७–१९०७) हे फ्रान्समधील अग्रगण्य रसायनज्ञ. सेंद्रिय संयुगांचे संश्लेषण आणि उष्मारसायन ही त्यांची प्रमुख कार्यक्षेत्रे होत. पुढे ते रसायनविद्येच्या इतिहासाकडे वळले. ग्रीक किमयागारांच्या हस्तलिखितांचे संपादन त्यांनी १८८७-८८ मध्ये प्रसिद्ध केले. १८९३ मध्ये सीरियन व अरबी परंपरेसह मध्ययुगीन रसायनावरील तीन खंड सिद्ध केले. तत्त्वचिंतक रेनाँ यांच्याशी १८४७ ते १८९२ या काळात झालेला त्यांचा पत्रव्यवहारही १८९८ मध्ये छापला गेला.

राय हे एडिंबरो विद्यापीठाचे डी.एस्सी. (१८८७) असून १८८९ पासून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करीत होते. बर्थेलो यांचा ग्रीक किमयेवरील ग्रंथ वाचून त्यांनी पत्र लिहिले. भारतीयांचा या विद्येतील वाटा जाणून घेण्याची उत्सुकता बर्थेलो यांनी उत्तरात व्यक्त केली. तेव्हा राय यांनी मुख्यतः 'रसेंद्रसारसंग्रहा'वर आधारित निबंध पाठविला. बर्थेलो यांनी १८९८ मध्ये 'जर्नाल दे सावां' या नियतकालिकात त्याचे विस्तृत परीक्षण केले आणि आपले तिन्ही खंड राय यांना भेट पाठविले. ते वाचूनच भारतीय रसायनाचा इतिहास लिहिण्याचा राय यांचा संकल्प झाला.

पत्रव्यवहारातून मिळणारा बोध

पुढील अभ्यासात, 'रसेंद्रसारसंग्रह' हा अग्रपंक्तीचा मूलाधार ठरू शकत नाही, हे राय यांच्या ध्यानी आले व ते प्राचीनतर तंत्रग्रंथांच्या हस्तलिखितांकडे वळले. बंगालच्या एशियाटिक सोसायटीने १९१० मध्ये प्रसिद्ध केलेला 'रसार्णव' हे त्याच परिश्रमांचे फल होय. पुण्याच्या आनंदाश्रमाने 'रसरत्नसमुच्चय' १८९० मध्येच मुद्रित केला होता. कोणीतरी पोथ्या जपल्या, म्हणूनच हे संपादन शक्य झाले.

अभ्यासकाने येथे प्रमाणविचारही करावा. राय यांचे आत्मचरित्र १९३२ चे, पहिल्या खंडाची प्रस्तावना १९०२ ची, तर पत्रे व परीक्षण त्याहून पूर्वीचे. घटनेला जो लेख निकट, त्यावर स्मृतीचे संस्कार कमी. तिन्ही ताडून पाहिल्यावरच अनुमान दृढ होते.

रसशाळेतील नोंद

इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८३२ पासून आपल्या प्रयोगवहीतील परिच्छेदांना क्रमांक दिले. ती संख्या सोळा हजारांवर गेली. फसलेले प्रयोगही त्यांत आहेत. आपल्या रसशाळांत अशी वही किती ठिकाणी आढळेल?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळल्याचे वृत्त २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. धातूचे एकूण प्रमाण सांगणारे विश्लेषण, तो धातू विधिपूर्वक सिद्ध केलेल्या कल्पाचा की दूषित द्रव्याचा, हे सांगू शकत नाही. त्याचा शोध घेण्यास निर्माणाची नोंदच हवी. नोंद म्हणजे निरापदतेची सिद्धी नव्हे. परंतु नोंदीवाचून चिकित्साच खुंटते.

२००० मध्ये अधिसूचित झालेल्या अनुसूची 'टी'ने निर्मात्यांवर नोंदींचे बंधन घातले. केवळ आपल्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना मात्र त्यातून सूट दिली. ही सूट विश्वासापोटी आहे, म्हणून आपले दायित्व अधिक. प्रत्येक पाकाच्या वेळी पुढील बाबी लिहाव्यात :

१. द्रव्याचा उगम, खरेदीचा दिनांक व वजन.
२. शोधनाचा विधी, आधारग्रंथ व आवृत्त्या.
३. मर्दनाचा काल व भावनाद्रव्य.
४. पुटसंख्या, प्रत्येक पुटास लागलेल्या गोवऱ्या व उरलेले वजन.
५. कज्जलीची निश्चंद्रता, भस्माची रेखापूर्ण, वारितर, अपुनर्भव व निरुत्थ परीक्षा, तसेच प्रयोगशाळेचा अहवाल.
६. बिघडलेला पाक व त्याचे संभाव्य कारण.
७. कल्प कोणत्या रुग्णास, किती मात्रेत दिला.

ज्यांच्या घरी पूर्वजांची बाडे आहेत त्यांनी ती कोरड्या जागी, सुती वस्त्रात बांधून ठेवावीत व त्यांची छायाचित्रे घ्यावीत. जीर्ण झालेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत.

कलकत्त्याहून पॅरिसला गेलेल्या एका पत्राने रसशास्त्राला त्याचा लिखित इतिहास मिळवून दिला. आपल्यानंतर येणाऱ्या वैद्याने आपल्या कल्पाविषयी शंका घेतली, तर तिचे उत्तर आपल्या वहीत सापडले पाहिजे.