बुडालेलं इंजिन

सोलापूर

चि. बाळास,


त्या दिवशी फोनवर निम्मं बोलणं वाऱ्यात गेलं. केत्तूरच्या काठावर रेंज कशी असते ते मला माहीत आहे. बोटीचं बुडालेलं इंजिन सुरू झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं, बरं वाटलं. पण ते नीट सुरू झालं की नुसतंच सुरू झालं, हे अजून ठरायचंय. म्हणून सविस्तर लिहितो. कागद हत्यारांच्या पेटीत ठेव.

इंजिन पाण्यात गेलं की आधी एवढंच विचारायचं, तेव्हा ते चालू होतं की बंद? तुझी बोट रात्री काठाला बांधलेली, इंजिन बंद होतं, म्हणून निभावलं. चालू इंजिन बुडालं तर सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी ओढलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा इंजिनाची दोरी ओढून बघायचीच नाही. प्लग काढ, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरव. एखाद्या जागी अडकलं किंवा खरखरलं, तर तिथंच थांब आणि इकडे घेऊन ये. जोर लावून सुटलं म्हणून खूश होणारे पुष्कळ पाहिलेत मी. पुढे मोठं बिल त्यांचंच होतं.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही. इंजिन पाण्याखाली असतं तोवर त्याचं फारसं बिघडत नाही. बाहेर काढून हवा लागली की बेअरिंगवर, क्रँकवर गंज चढायला लागतो, तोही काही तासांत. ‘दोन दिवस उन्हात वाळू दे’ असं काठावरचा कुणीतरी शहाणा सांगेलच. ऐकू नकोस. लगेच काम करायची तयारी असेल तेव्हाच इंजिन वर काढ. तयारी नसेल तर पिंपात स्वच्छ पाणी भरून त्यात बुडवून ठेवलेलं परवडतं.

काढल्यावर कव्हर उघडून चांगल्या पाण्याने धू. मालवणकडच्या लोकांना मिठाची धास्ती, आपल्याला उजनी धरणाच्या गाळाची. तो सगळीकडे शिरतो. मग प्लग काढ, इंजिन आडवं करून प्लगची भोकं जमिनीकडे कर आणि दोरी हळूहळू ओढ. पिचकाऱ्या उडतील. त्या वेळी किल स्विच काढलेला आणि प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवलेल्या असू देत. पाण्याबरोबर पेट्रोलही उडतं, त्यात ठिणगी पडली तर भुवया जातील. पाणी थांबलं की भोकांतून टूटी ऑइल सोडून पुन्हा फिरव. कार्बोरेटरची वाटी उघडून पूस. फोर-स्ट्रोक असेल तर सुरू करण्याआधीच खालचं ऑइल काढायचं, नवं घालून थोडं चालवायचं आणि पुन्हा बदलायचं. दुधाळ दिसायचं थांबेपर्यंत हेच. तुझं टू-स्ट्रोक आहे, तेवढी कटकट वाचली.

पेट्रोलचं मात्र जपून. पूर्वी टाकीत पाणी गेलं तर ते खाली बसलेलं सरळ दिसायचं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, कदाचित आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याचं. थोडं पाणी ते पोटात घेतं आणि दिसू देत नाही. जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. टूटी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, आणि टाकीतली नळी ओढते तळातून. म्हणजे इंजिन ऑइलाविना चालायला लागतं. तेव्हा जुनं पेट्रोल गाळून वापरायची काटकसर करू नकोस, सगळं काढून टाक. लिटरला 20 मिली ऑइल घालत असशील तर पहिल्या टाकीला लिटरमागे 40 घाल. धूर होईल, होऊ दे. सुरू झाल्यावर बोट काठाला घट्ट बांधून निदान अर्धा तास चालव. आतलं उरलंसुरलं पाणी त्या उष्णतेनेच जातं.

एवढं झालं तरी लगेच माणसं बसवायची नाहीत. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात सापडली आणि सहा जण गेले, हे तुला सांगायला नको. त्या सुमाराचा वारा कुणाला विचारून येत नाही. अशा वाऱ्यात इंजिन मध्येच बंद पडलं तर बोट लाटांना आडवी होते, आणि मग तुझ्या हातात काही राहत नाही. काही दिवस एकट्याने, काठ धरून, जाळी टाकायला जा. जॅकेट अंगात, वल्ही बोटीत. भाडं बुडेल. घरचे बोलले तर माझं नाव सांग.

आणि गिअर ऑइल बघितलंस का? खालचा स्क्रू सैल करून थेंबभर बोटावर घे. पांढुरकं आलं तर पंख्यामागचं सील गेलं. बुडाल्यामुळेच गेलं असं नाही. उजनीत जाळ्याचा नायलॉन पंख्याच्या दांड्याला गुंडाळतो आणि सील कापतो, बहुतेकदा कारण तेच. पंखा काढून बघ, दोरा सापडेल. सील गेलं असेल तर तुझ्या इंजिनाचा नंबर प्लेटवरून उतरवून कळव. सील इथं मिळालं तर करमाळ्याच्या एसटीने पाठवतो, तोवर बोट काठालाच राहू दे.

तुझा
मामा