जामखेडला आधी जा

बाळ, विद्यापीठाच्या जागतिक आरोग्य विभागात तुझ्या हाताखाली आता माणसं आली. मावशी म्हणून चार गोष्टी सांगते, ऐक.

पहिल्याच सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन जामखेडला जा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले आणि १९७० मध्ये नगर जिल्ह्याच्या या दुष्काळी तालुक्यात येऊन राहिले. लोकांना दवाखान्याआधी पाणी आणि धान्य हवं होतं, म्हणून त्यांनी आधी तेच हाती घेतलं. वेगवेगळ्या जातींची पोरं एकत्र यावीत म्हणून गावोगाव व्हॉलीबॉल सुरू केला. तूही प्रश्नावली काढण्याआधी एक दिवस नुसती बायकांत बसून त्यांचं गाऱ्हाणं ऐक.

शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहायला तयार नव्हत्या. मग आरोळ्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावी जाऊन बाळंतपण, जुलाब, मुलांचं वजन सगळं बघायच्या. प्राथमिक आरोग्यसेवेवरची अल्मा-आटाची परिषद १९७८ ची. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेड त्याआधीच, १९७५ मध्ये आलं होतं. हे मुलांना मुद्दाम सांग. आपल्याकडूनही जग शिकलं आहे, हे त्यांना कळू दे.

गावातल्या बैठकीत तू शेवटी बोल. डॉक्टर आधी बोलले की गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई गप्प होते, मान हलवते, आणि खरी अडचण तिच्याबरोबर घरी परत जाते. खुर्च्या गोल मांड, पहिला शब्द तिचा असू दे. घरोघर फिरून जिने माहिती आणली तिचं नाव शोधनिबंधावर हवं, तळटीपेत नव्हे. आणि आकडे आधी ग्रामसभेत वाचून दाखव, मग छापायला दे.

अनुदान नाकारलं जाईल, मन उतरेल. त्यासाठी महिन्यातला एक दिवस वस्तीवरचा, तो डायरीत आधी लिही, मीटिंगांना तारखा नंतर. तिथे वजनकाट्याच्या झोळीत बाळ हिंदकळत असतं, आईची नजर काट्यावर. आकडा तू सांगू नकोस, तिलाच वाचू दे, तक्त्यावर टिंबही तिलाच काढू दे. पाव किलो वाढलेलं पाहून ती शेजारणीला हाक मारते ना, ते बघायला मी अजूनही जाते.

आणि रजेवर जाशील तेव्हा कामाचा सगळा ताबा हाताखालच्या मुलीकडे दे. सह्यांचा अधिकारसुद्धा. रोज फोन करून विचारत बसू नकोस.